पोळ्यापासून होळीपर्यंत, रोज सकाळी एक पट्टी

आमच्या घरात आता लघवी या विषयावर जेवताना बोललं तरी कोणाला काही वाटत नाही. आई पोळी वाढता वाढता विचारते आज फेस होता का गं, मी लोणचं घेता घेता सांगते नव्हता, आणि ज्याच्या लघवीबद्दल हे चाललेलं असतं तो पोट्टा वरणभातावर तूप कमी पडलं म्हणून भांडत असतो. पाहुणे असले की तेवढं भान ठेवावं लागतं.

तर हा पोट्टा म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा, सात वर्षांचा. मागच्या पोळ्यानंतर त्याला जे झालं त्याला, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या या आजाराला, आता आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, जुने डॉक्टर अजून एचएसपीच म्हणतात, म्हणजे हेनॉक-शॉनलाइन पर्प्युरा. मी डॉक्टर वगैरे काही नाही, बँकेत आहे, पण दादा-वहिनी दोघंही सकाळी सातला घर सोडणारे, आईला लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरचे रंग ओळखू येत नाहीत, म्हणून सकाळच्या लघवीची ड्युटी माझ्याकडे आली, आणि एकदा ड्युटी आली की मला ती वाचून-समजून करायची खोड आहे. लिहायचं कारण इतकंच की या आजारात जे दिसतं त्याला सगळे घाबरतात आणि जे दिसत नाही तिकडे कोणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच असते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दादा त्याला खांद्यावर बसवून मारबत, म्हणजे रोगराई पिटाळायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला घेऊन गेला. आम्ही नागपूरच्या महाल भागातले, आमच्याकडे मारबत चुकवणं म्हणजे पापच. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, ढोल, ती गर्दी, आणि "खोकला घेऊन जा गे मारबत" असं घसा फाटेस्तोवर ओरडून हा घरी आला आणि दोन-तीन दिवसांत स्वतःच खोकला घेऊन बसला. सर्दी, घसा, थोडा ताप. त्यात विशेष काही नाही, अर्धा वर्ग खोकलत होता तेव्हा. खोकला गेला, आणि गणपती विसर्जनाच्या सुमारास आंघोळ घालताना आईला दिसलं की पोटऱ्यांवर आणि कुल्ल्यांवर लालसर-जांभळे ठिपके आलेत, हात फिरवला तर उंचवटे लागतात. आई म्हणाली, "पित्त उठलं, गांधी हायेत ह्या," आणि आमसूल भिजवून चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी पोराला पाय टेकवेना. घोटा टम्म सुजलेला.

आता सप्टेंबरात नागपुरात अंगावर लाल ठिपके म्हटलं की प्रश्न एकच, प्लेटलेट किती? डेंगूचे दिवस. रिपोर्ट यायच्या आधीच समोरचे काका पपईची पानं घेऊन दारात, फॅमिली ग्रुपवर बकरीच्या दुधाचा पत्ता, किवी कुठे स्वस्त मिळते त्याचा फोटो. रिपोर्ट आला तर प्लेटलेट पावणेचार लाख. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, आणि डॉक्टरांनी मात्र नेमकी तेव्हाच खुर्ची पुढे ओढली. काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून दाखवला, साधी पुरळ असती तर दाबल्यावर फिकी पडली असती, हे ठिपके तसेच राहिले, म्हणजे रक्त नळीच्या बाहेर आलेलं आहे. प्लेटलेट कमी असत्या तर ते समजण्यासारखं होतं, पण त्या भरपूर असून रक्त बाहेर येऊन राहिलं म्हणजे बिघाड नळीच्या भिंतीतच आहे, भिंतीलाच सूज आहे. लहान पोरांमधल्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत सगळ्यात जास्त दिसणारा हाच, वर्षाला लाखभर मुलांमागे साधारण दहा ते वीस जणांना होतो, बहुतेक दहा वर्षांच्या आतले, आणि बऱ्याचदा सर्दी-खोकल्याच्या मागोमाग.

आयजीए ही आपल्याच शरीरातली अँटिबॉडी, नाक, घसा, आतडी यांच्या अस्तराशी पहाऱ्याला असते. सध्याची समजूत अशी की काही जणांमध्ये आयजीए-१ या प्रकाराच्या रेणूला ज्या साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात त्यात गॅलॅक्टोज कमी पडतं, मग शरीर त्यालाच परकं समजून त्याच्याविरुद्ध दुसरी अँटिबॉडी काढतं, दोघांचे गठ्ठे होतात आणि ते बारीक रक्तवाहिन्यांमध्ये जाऊन बसतात. कातडीत बसले की ठिपके. सांध्यात बसले की घोटा, गुडघा. आतड्यात बसले की पोट. आणि किडनीत बसले की काहीच होत नाही, म्हणजे आपल्याला काही कळत नाही.

ही सगळी ठिकाणं एकाच आजाराची आहेत हे डॉक्टर लोकांना कळायलाच जवळपास शंभर वर्षं गेली. इंग्लंडच्या हेबर्डनने १८००च्या आसपास एका पाच वर्षांच्या मुलाचं लिहून ठेवलं होतं, पायावर ठिपके, पोटात दुखतं, लघवीत रक्त. मग जर्मनीत शॉनलाइनने १८३७ मध्ये ठिपके आणि सांधे यांची सांगड घातली, त्याचाच विद्यार्थी हेनॉक, त्याने १८७०च्या दशकात पोट त्यात आणलं आणि किडनीचं लिहायला १८९९ उजाडलं. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी बसून आयजीए हेच नाव पुढे केलं. यादीत किडनी सगळ्यात शेवटी आली हे मला फार खरं वाटतं, आमच्या घरातही ती शेवटीच आली.

कारण मधे पोटाने धुमाकूळ घातला. रात्री दोनला पोट धरून गडबडा लोळणं, ओकारी, धंतोलीत ऍडमिट, सोनोग्राफी. या आजारात कधी कधी आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसतो, ते नाही ना हे बघायला सोनोग्राफी. ते नव्हतं. सलाईन लागलं, पोट शांत झालं, ठिपके फिके व्हायला लागले, पोरगा उड्या मारायला लागला, आणि डिस्चार्जच्या कागदावर औषध जवळपास काहीच नाही, नुसतं लिहिलेलं: लघवी आणि बीपी, पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, सहा महिने.

यावर घरात जे महाभारत झालं! आई म्हणे, "औषधच देत नाही त मंग डॉक्टर कायचा? आन् बरं झालेल्या पोराची लघवी कायले तपासता बाप्पा?" अमरावतीच्या मामांनी फोन करून सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या पोराला तर लगेच स्टेरॉइड सुरू केलं होतं, तुमचा डॉक्टर बदला. दादाही डळमळला. मी पुढच्या वेळी सरळ विचारून टाकलं की किडनीला होऊ नये म्हणून आधीच स्टेरॉइड का नाही देत. डॉक्टर म्हणाले हे करून पाहिलंय लोकांनी. ब्रिटनमध्ये ३५२ मुलं घेतली, काहींना सुरुवातीलाच १४ दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि वर्षभराने लघवीतलं प्रोटीन, म्हणजे किडनीची गाळणी बिघडल्याची खूण, मोजलं तर दोन्हीकडे फरक नाही. २०१३ मध्ये छापून आलं ते. किडनीवाल्यांची जी जागतिक गाइडलाइन आहे, केडिगो, त्यातही हेच की मुलांमध्ये नुसतं किडनी वाचवायची म्हणून आधीपासून स्टेरॉइड देऊ नका. पोट फार दुखत असेल तर थोडे दिवस देतात, ते वेगळं.

मला ते पटलं, पण खरं सांगते, आपल्याकडे औषध न देणाऱ्या डॉक्टरला फार सहन करावं लागतं. गोळी लिहिली असती तर पाच मिनिटांत आम्ही खूश होऊन गेलो असतो. त्याऐवजी त्या माणसाने अर्धा तास बसून आम्हाला समजावलं, बाहेर पन्नास पेशंट असताना, आणि आम्ही तोंडं पाडून बाहेर आलो.

लग्नघरात कसं असतं, जो मामा मांडवात आदळआपट करतो त्याची समजूत काढायला दहा जण धावतात आणि जेवण होईस्तोवर तो गारही होतो, आणि जो काका कोपऱ्यात गप बसलाय तो पुढची वीस वर्षं बोलत नाही. या आजारातली किडनी तो काका. ठिपके, घोटे, पोट यांचा तमाशा दोन-चार आठवड्यांत आटपतो आणि मागे काही ठेवत नाही. किडनी दुखत नाही, सुजली तरी बाहेरून दिसत नाही, आणि जे काही नुकसान राहायचं ते तिथेच राहतं.

आणि हे किती जणांत? बारा अभ्यासांतली मिळून ११३३ मुलं एकत्र धरून २००५ मध्ये हिशेब मांडला गेला होता, मला बँकेतली म्हणून असे हिशेब वाचायला आवडतात. त्यात ३४ टक्के मुलांच्या किडनीपर्यंत आजार गेला. त्या ३४ टक्क्यांतल्या बहुतेकांमध्ये नुसतं थोडं रक्त किंवा थोडं प्रोटीन, तेही सूक्ष्म. ज्यांना व्हायचं होतं त्यांतल्या ८५ टक्क्यांना पहिल्या चार आठवड्यांत झालं आणि ९७ टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत. म्हणून ते सहा महिने, कोणीतरी मनाने ठरवलेला आकडा नाही तो. आणि पुढचं काय, तर ज्यांची लघवी पूर्ण वेळ चांगली राहिली त्यांच्यातल्या एकाचीही किडनी कायमची बिघडली नाही. ज्यांना नुसतं थोडं रक्त-प्रोटीन होतं त्यांच्यात १.६ टक्के. आणि ज्यांना सुरुवातीलाच जोरात लागलं, म्हणजे खूप प्रोटीन जाऊन अंगावर सूज किंवा लघवीत रक्त, बीपी, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा कचरा) सगळं चढलेलं, त्यांच्यात साडेएकोणीस टक्के. शून्य, दीड आणि वीस. एकाच आजाराचे तीन वेगवेगळे रस्ते आहेत आणि आपलं पोर कुठल्या रस्त्याला लागलंय हे सांगणारी स्वस्तातली स्वस्त गोष्ट म्हणजे सकाळची लघवी.

आईला मी हे आकडे सांगितले. ती म्हणाली, "हाव, मंग तपासा." एवढंच.

मग सुरू झालं. मेडिकलवाल्याकडून पट्ट्यांची बाटली आणली, त्याने आधी शुगरच्याच काढून दिल्या, रक्त आणि प्रोटीन दोन्ही दिसणाऱ्या पाहिजेत म्हटल्यावर आतून शोधून आणल्या. लघवी सकाळची पहिलीच घ्यायची, कारण काही मुलांमध्ये दिवसभर उभं राहून, खेळून प्रोटीन थोडं जातं आणि त्याला काही अर्थ नसतो, रात्रभर आडवं झोपून उठल्यावरचं प्रोटीन जे असेल ते खरं. पट्टी बुडवायची, झटकायची, आणि बाटलीवर लिहिलंय तितकेच सेकंद थांबून रंग जुळवायचा, उशीर झाला की रंग आपोआप गडद होत जातो आणि आपल्या पोटात गोळा. मी वही केली, तारीख, रक्त, प्रोटीन, शेरा. पोराला वाटायचं त्याची परीक्षाच चालली आहे, "आत्या, आज पास का?" असं विचारून मग दात घासायला जायचा.

एकदा मात्र बाथरूममधून किंचाळलाच, लघवी गुलाबी. वहिनी रडायच्या बेतात. पट्टी बुडवली तर रक्ताचा चौकोन पिवळाच, काही नाही. मग आठवलं आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर दाबून खाल्ली होती. या आजारातलं रक्त डोळ्याला दिसेलच असंही नाही, दिसलं तर चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी लघवी होते, गुलाबी क्वचित, आणि बहुतेकदा तर दिसतच नाही, पट्टी किंवा मायक्रोस्कोपच सांगतो.

खाण्यापिण्याचे सल्ले तर विचारूच नका. एक पार्टी म्हणे लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं म्हणून डाळ, अंडी बंद, दुसरी पार्टी म्हणे जाऊ शकतं म्हणूनच दुप्पट द्या. डॉक्टर म्हणाले नेहमीचं घरचं जेवण, बीपी किंवा सूज आली तर मीठ कमी, तोवर काही नाही. मी मात्र चिवडा आणि पापड हळूच वरच्या फडताळात ढकलले. आणि दोन गोष्टी त्यांनी निक्षून सांगितल्या: घोटा दुखला म्हणून घरच्या डब्यातली दादाची पेनकिलर द्यायची नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच, कारण किडनीवर सूज असेल तर त्या गोळ्या तिला आणखी मारतात, आणि किडनी साफ करणारे काढे-भस्म, कोणीही दिले तरी नको. ते देणारे आमच्याकडे होतेच. नावं घेत नाही, नात्यातले आहेत.

बीपीचं पण एक. लहान मुलाचं बीपी लहान पट्ट्याने घ्यावं लागतं, मोठ्या माणसाचा पट्टा त्या काडीसारख्या दंडाला गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो आणि आपण म्हणतो वा छान. एका ठिकाणी आम्हाला तोच गुंडाळून देत होते, लहान पट्टा आहे का म्हटलं तर कपाटातून शोधून काढला, धूळ बसलेला. लहान मुलांचं बीपी बघतंय कोण! आणि मुलांचा नॉर्मल आकडा वयावर आणि उंचीवर असतो, ऐंशी-एकशेवीस डोक्यात धरून बसलं की फसलं.

नवरात्राच्या सुमारास, म्हणजे तिसरा-चौथा आठवडा असेल, पट्टीवर रक्ताचा चौकोन हिरवा झाला. ठिपके तोवर पार गेलेले, पोरगा गरबा बघायला चल म्हणून मागे लागलेला, आणि पट्टी हिरवी. दुसऱ्या दिवशीही. प्रोटीनचा चौकोनही किंचित. लॅबमध्ये लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढलं, ०.२ च्या आत पाहिजे, आमचं थोडं वर निघालं. रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं, बीपी चांगलं. डॉक्टरांनी किडनीवाल्यांकडे पाठवलं, घाबरून नाही, एकदा बघून ठेवायला.

रामदासपेठेतल्या त्या किडनीच्या ओपीडीत मी जितकं शिकले तितकं वाचून नाही शिकले. दीड टक्का आणि वीस टक्के यांतला फरक काय असतो ते कळतं तिथे. शेजारी काटोलकडचे एक काका बसले होते, संत्र्याची बाग आहे, पन्नाशीचे असतील. पोराच्या फाइलवर आजाराचं नाव वाचून म्हणाले, "अरे, हे तर मले आहे." मला वाटत होतं हा लहान मुलांचाच आजार. तसा आहेही, पण मोठ्यांना होतो तेव्हा किडनी जास्त वेळा आणि जास्त जोरात धरतो. काकांच्या पायावर ठिपके आले ते फवारणीच्या औषधाची ऍलर्जी म्हणून अंगावर काढले, मलम लावलं, ठिपके गेले, विषय संपला. काही महिन्यांनी चपला घट्ट व्हायला लागल्या, सकाळी डोळे सुजलेले, लघवीला फेस (प्रोटीन जायला लागलं की येतो तो), आणि दाखवलं तोवर क्रिएटिनिन चढलेलं. कोणी लघवी तपासली नव्हती कारण लघवीची काही तक्रारच नव्हती.

त्यांची बायोप्सी झाली होती आणि त्यांना ती सांगायला आवडत होती. पालथं झोपवून, सोनोग्राफीत बघत, पाठीतून सुई घालून किडनीचे सुतासारखे दोन तुकडे काढतात आणि मग कित्येक तास हलायचं नाही. त्या तुकड्यातला काही भाग फॉर्मेलिनमध्ये न टाकता वेगळा पाठवावा लागतो, त्यावर चमकणारा रंग चढवून बघतात तेव्हा आयजीए कुठे बसलंय ते दिसतं. आणि मोजतात काय, तर क्रेसेंट, म्हणजे किडनीतल्या त्या बारीक केसवाहिन्यांच्या गुच्छाभोवती पेशींची चंद्रकोर तयार होते ती. किती टक्के गुच्छांना चंद्रकोर आहे, अर्ध्यापेक्षा कमी की जास्त की पाऊणपेक्षाही जास्त, यावरून आजाराची पायरी ठरते. पण नुसत्या त्या पायरीवर भविष्य सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात, प्रोटीन किती महिने जात राहिलं तेही तितकंच बोलतं.

काकांना भारी स्टेरॉइड झालं होतं, तोंड गोल झालेलं, शुगर वर गेलेली, ते म्हणाले डायलिसिसचं मशीन रोज स्वप्नात दिसतं. फ्रान्समधल्या २५० मोठ्या पेशंटांवर जवळपास १५ वर्षं नजर ठेवून २००२ मध्ये जे छापलं त्यात ११ टक्के लोक किडनी पूर्ण बंद पडण्यापर्यंत पोचले होते आणि आणखी १३ टक्के त्याच्या उंबऱ्यावर. आणि जोरदार औषधाने फार फरक पडतो असंही नाही, त्याच देशात ५४ मोठ्या पेशंटांवर स्टेरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन पाहिलं, नुसत्या स्टेरॉइडपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. मग उरतं काय तर बीपी आणि प्रोटीन दाबून ठेवणं, रॅमिप्रिल, लोसार्टन अशा गोळ्या, ज्या किडनीतल्या फिल्टरच्या आतला दाब कमी करतात. साध्या, स्वस्त, जुन्या गोळ्या. त्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, त्यात किडनी अर्धी, म्हणून काकांना डॉक्टरांनी पोटॅशियमवाली संत्री बंद केली होती. "बागेत दोनशे झाडं आहेत, अन् मी वास घेऊन राहिलो," म्हणाले आणि स्वतःच हसले. आम्हाला मात्र पिशवीभर देऊन गेले, पोट्ट्याला चालतात ना विचारून.

आमचं प्रकरण बायोप्सीपर्यंत गेलं नाही. किडनीवाल्या मॅडमनी सगळे आकडे बघून सांगितलं की प्रोटीन वाढत गेलं, किंवा इतकंच राहून महिने गेले, किंवा बीपी-क्रिएटिनिन हललं तर बायोप्सी, नाहीतर बघत राहू. पुन्हा बघत राहू! पण आता त्या शब्दांचा मला राग आला नाही. थंडीत एकदा परत ठिपके आले, थोडेच, नाक वाहत होतं तेव्हा. तिसरा हिस्सा मुलांना असं परत येतं आणि बहुतेकदा पहिल्यापेक्षा हलकं, हे माहीत असूनही त्या रात्री कोणी नीट झोपलं नाही. प्रोटीन डिसेंबरात खाली आलं, रक्ताचा चौकोन मात्र हट्टी, ट्रेस म्हणजे जेमतेम, काही नाही, ट्रेस, असं करत करत फेब्रुवारीत पिवळा झाला. होळीला पोळ्या खाऊन, रंग खेळून, दुसऱ्या दिवशीची पट्टी साफ. आता महिन्याने बघतो, पुढे वर्षातून एकदा बीपी आणि लघवी. रोजची वही बंद झाली तरी आईचा फेसाचा प्रश्न काही बंद होत नाही.

वर्षातून एकदा किती वर्षं, तर मोठा होईपर्यंत, आणि खरं म्हणजे नंतरही. इंग्लंडमध्ये लहानपणी या आजाराने किडनी धरलेल्या ७८ जणांना सरासरी २३ वर्षांनी परत शोधून तपासलं होतं, १९९२ मध्ये ते आलं. ज्यांना लहानपणी नुसतं रक्त किंवा त्यासोबत प्रोटीन होतं त्यातले ८२ टक्के ठणठणीत. ज्यांना जोरात लागलं होतं त्यातल्या ४४ टक्क्यांना मोठेपणी बीपी किंवा किडनी कमजोर. सात जण तर असे की मधे पूर्ण बरे वाटले होते आणि वर्षांनंतर बिघडले. आणि एक ओळ मी दोनदा वाचली: त्यातल्या बायकांच्या पूर्ण दिवस भरलेल्या ४४ बाळंतपणांपैकी १६ मध्ये बीपी वाढलं किंवा प्रोटीन गेलं.

मुलाची फाइल घरातच राहते. आमच्या पोट्ट्याची फाइल वहिनीच्या कपाटात आहे, तो तीस वर्षांचा झाला तरी तिथेच असेल. मुलीची फाइल माहेरी राहते आणि मुलगी जाते. तिकडे दिवस राहिले की तिथल्या डॉक्टरणीला कोण सांगणार की चौथीत असताना हिच्या लघवीत रक्त होतं? तिलाच आठवत नसतं, आठवतं ते ठिपके आणि हॉस्पिटलमध्ये मिळालेलं जेली. बीपी वाढलं तर म्हणतात टेन्शन घेते.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, तिला शाळेत असताना हेच झालं होतं आणि चांगलंच जोरात, बायोप्सी, वर्षभर गोळ्या. आता लग्न ठरलं, मे संपता संपता आहे. तिच्या आईला मी म्हटलं फाइल सोबत द्या हो. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी पत्रिकेत मंगळ काढला. "आता बरी आहे ना ती? लग्नाच्या तोंडावर किडनीची फाइल दाखवायची सासरी?" सासरी नका दाखवू, म्हटलं, सासरच्यांचा काय संबंध, तिच्या डॉक्टरला दाखवायची आहे. पटलं नाही. मला त्यांचा राग येत नाही, बाजार कसा आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण राग येतो तो त्या बाजाराचा.

परवा दुपारी ती पोरगीच आली, उन्हात ओढणी बांधून, पिशवीत फाइल. कूलरसमोर बसून आम्ही एकेक कागद मोबाइलवर स्कॅन केला, बायोप्सीचा रिपोर्ट फिका पडला होता तो खिडकीपाशी नेऊन दोनदा काढला, आणि सगळं तिच्या मोबाइलमध्ये, तिच्या स्वतःच्या ईमेलवर टाकलं. लग्नाआधी एकदा लघवी आणि बीपी बघून घे म्हटलं तर म्हणाली मागच्याच आठवड्यात केलं, प्रोटीन नाही, बीपी एकशे दहा-सत्तर, स्वतःच्या पैशाने केलं. फाइल परत पिशवीत भरली, आईला कळायच्या आत कपाटात ठेवायची होती. जाता जाता विचारत होती की पट्ट्यांची बाटली उघडल्यावर किती दिवस चालते, आणि मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधत होते.